गळ्यातल्या चांदीच्या पाट्या : लेबलसंग्राहकांच्या सहवासात चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार : लंडन

लंडनला निघताना माझ्या पिशवीत चांदीची वस्तू नव्हती, फक्त तिचा कागदावर पेन्सिलीने घासून काढलेला ठसा होता. घरातल्या एका जुन्या पेटीत चंद्रकोरीच्या आकाराची, दोन्ही टोकांना साखळी अडकवलेली एक छोटी चांदीची पट्टी सापडली होती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरांत ‘मदीरा’ हे, त्याच नावाच्या पोर्तुगीज बेटावरच्या मद्याचे, नाव कोरलेले होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मज्जाव आहे, त्यामुळे पट्टी घरी ठेवून तिचे ठसे, छायाचित्रे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेले १४ ग्रॅम हे वजन एवढेच मी बरोबर घेतले. असल्या पट्ट्यांवर जीव टाकणाऱ्या काही इंग्रज मंडळींशी वर्षभर पत्रव्यवहार चालला होता. त्यांच्या वार्षिक भेटीगाठींना पाहुणा म्हणून येण्याचे निमंत्रण त्यातूनच मिळाले.

या पट्टीला वाइन लेबल म्हणतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सधन घरचे मद्य बहुधा पिंपाने येई, ते तळघरात बिनलेबलाच्या गडद काचेच्या बाटल्यांत भरले जाई आणि जेवणाच्या वेळी गाळ मागे ठेवून काचेच्या सुरईत, म्हणजे डिकँटरमध्ये, ओतले जाई. आता समोरच्या दोन लालसर सुरयांपैकी पोर्ट कोणती आणि क्लॅरेट कोणती हे पाहुण्याला कळावे कसे? म्हणून १७३० च्या दशकापासून सुरईच्या गळ्यात नावाची चांदीची पाटी घालण्याची रीत रुळली. त्या काळचे सराफ तिला ‘बॉटल टिकिट’ म्हणत. ब्रिटनमध्ये या पाट्यांच्या संग्राहकांचे ‘वाइन लेबल सर्कल’ हे मंडळ १९५२ पासून आहे. माझे यजमान मात्र मित्रमंडळींच्या एका लहान गटातले होते. घरी चांदी असल्यामुळे त्यांना आपली नावे छापून यायला नको आहेत आणि ती इच्छा मी पाळणार आहे.

दुपारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गटाची पहिली भेट ठरली होती. आम्ही नऊजण होतो. एवढ्या मोठ्या वास्तूत येऊन ही माणसे रंगीत काचा, पुतळे, गालिचे यांच्याकडे ढुंकूनही न पाहता थेट बोटाएवढ्या वस्तूंकडे निघाली, हे पाहून मला हसू आवरेना. सर्वांत जास्त वेळ आम्ही बॅटरसीच्या मीनाकारी पाट्यांविषयी बोलत काढला. थेम्सकाठी बॅटरसी येथील यॉर्क हाउसमध्ये स्टीफन थिओडोर जॅन्सन यांनी १७५३ मध्ये एक कारखाना काढला. तांब्याच्या पत्र्यावर पांढरी मीना चढवायची, कोरीव ताम्रपटावरून कागदावर घेतलेले चित्र तिच्यावर उतरवायचे आणि भट्टीत भाजायचे, अशी तिथली पद्धत होती. सायमन फ्रान्स्वा राव्हने या फ्रेंच कोरक्याच्या चित्रांतली गुबगुबीत बालके त्या पाट्यांवर द्राक्षे खुडताना आणि पिंपांशी खेळताना दिसतात. जॅन्सन १७५४ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर झाले आणि १७५६ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. तीन वर्षांत आटोपलेल्या या उद्योगातल्या तांब्याच्या पाट्यांसाठी आज संग्राहक चांदीपेक्षा कितीतरी अधिक मोजायला तयार असतात.

संध्याकाळी यजमानीण बाईंच्या घरी बैठक झाली. त्या निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. मधल्या टेबलावर गडद निळे मखमली कापड अंथरले होते आणि प्रत्येकाने आपल्याकडच्या दोनतीन पाट्या त्यावर मांडायच्या, मग एकेकाने आपल्या पाटीविषयी बोलायचे, असा शिरस्ता होता. पाटी कडांनी धरायची, साखळी लोंबू द्यायची नाही आणि शेजाऱ्याच्या हातात न देता ती कापडावर ठेवायची, म्हणजे हातातून हातात जाताना पडायला नको, हे तीन नियम मला दारातच सांगण्यात आले. भिंतीवर बशीएवढ्या मातीच्या पाट्या टांगलेल्या होत्या. तळघरातल्या कप्प्यांवर अडकवायच्या या ‘बिन लेबलां’पैकी जुन्यांवर कथिलमिश्रित पांढरी झिलई असते. एका सभासदाच्या मते खरा संग्राहक हीच जमवतो, कारण चांदी दिवाणखान्यात मिरवते आणि काम माती करते. यावर बराच वाद झाला. मला त्यांचे म्हणणे पटले होते, पण पाहुण्याने पहिल्याच दिवशी बाजू घेऊ नये म्हणून गप्प राहिलो.

पुस्तकांच्या फळीवर मात्र मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. या छंदाचा आधारग्रंथ १९४७ साली एन. एम. पेन्झर यांनी लिहिला. सोमदेवाच्या कथासरित्सागराचा टॉनी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२४ ते १९२८ या काळात दहा खंडांत, विस्तृत टीपांसह संपादित करणारे पेन्झर ते हेच. कथासरित्सागराचा संपादक म्हणून मी ज्यांना ओळखत होतो, ते या मंडळींना फक्त पाट्यांचे पेन्झर म्हणून ठाऊक होते. मी सोमदेवाच्या कथेतल्या कथेतल्या कथा समजावून सांगू लागलो, तेव्हा यजमानीण बाई म्हणाल्या, “मग त्यांना पाट्यांची नावे का आवडली असतील ते आता कळले. प्रत्येक नावामागे दुसरेच गाव निघते.”

दुसरा दिवस, शुक्रवार : बर्मिंगहॅम

सकाळी युस्टन स्थानकावरून बर्मिंगहॅमची गाडी धरली. दीड तासाच्या आतल्या या प्रवासात माझ्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर बसले होते. त्यांच्या वहीत सहाशेहून अधिक नावांची यादी होती आणि ती सगळी पाट्यांवर कोरलेली, कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेली होती. मी यादी वाचत गेलो आणि ते एकेका नावाचा उगम सांगत गेले. ‘हॉक’ हे जर्मनीतल्या होखहाइम गावाचे इंग्रज जिभेवर झिजलेले रूप. ‘माउंटन’ म्हणजे स्पेनमधल्या मालागाच्या डोंगरउतारावरचे गोड मद्य. ‘बुसेलास’ आणि ‘काल्काव्हेला’ ही लिस्बनजवळची. दुसऱ्याचे गाव खरे कारकाव्हेलोस, पण पाट्यांवर ते निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले सापडते, कारण कोरणाऱ्याने ते नाव फक्त कानाने ऐकलेले असे. ‘विडोनिया’ कॅनरी बेटांवरचे, ‘कॉन्स्टान्शिया’ दक्षिण आफ्रिकेतले. यादीत पोर्तुगालची एवढी गर्दी का, तर १७०३ च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगीज मद्यावरची जकात फ्रेंच मद्यापेक्षा कमी ठेवली आणि इंग्रजांच्या टेबलावर पोर्टचे राज्य सुरू झाले.

दोन नावांवर मी बोट ठेवले. ‘अरॅक’ आणि ‘श्रब’. अरॅक गोव्याकडून येई ते माडीचे, बटाव्हियाकडून, म्हणजे आजच्या जकार्ताकडून, येई ते उसाच्या मळीचे. शब्द अरबी ‘अरक’, म्हणजे आपला गुलाबाचा किंवा ओव्याचा अर्क ज्यातून आला तोच. श्रब म्हणजे रम किंवा ब्रँडीत लिंबूवर्गी फळांचा रस आणि साखर घालून मुरवलेले पेय. त्याचे मूळ ज्या अरबी धातूत आहे, त्यातूनच आपल्याकडे सरबतही आले आणि शराबही. मास्तरांनी लगेच पेन्सिल काढून ‘सरबत’ हा शब्द रोमन लिपीत समासात टिपून घेतला आणि उच्चार तीनदा म्हणवून घेतला. सोवळ्यातले सरबत आणि ओवळ्यातली शराब एकाच आजीची नातवंडे आहेत हे मी त्यांना सांगितले, पण सोवळे समजावून सांगेपर्यंत बर्मिंगहॅम आले.

ज्वेलरी क्वार्टर या सराफी वस्तीतून चालत आम्ही मॉर्टन स्ट्रीटवरच्या ॲसे ऑफिसमध्ये गेलो. धातूचा कस तपासून त्यावर अधिकृत शिक्का मारणारे हे कार्यालय १७७३ मध्ये संसदेच्या कायद्याने सुरू झाले आणि त्यासाठी सर्वांत जास्त खटपट केली ती कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी. तोपर्यंत त्यांना आपली चांदीची भांडी शिक्क्यासाठी चेस्टरला पाठवावी लागत, आणि जातायेता ती चेपत, ओरखडत. बर्मिंगहॅमचा शिक्का नांगराचा आहे. समुद्र जवळपासही नसलेल्या शहराला नांगर कसा मिळाला याचे उत्तर म्हणून एक आख्यायिका सांगतात : बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या लोकांची लंडनमधली खलबते ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत होत, तिथे नाणेफेक झाली आणि मुकुट शेफील्डला, नांगर बर्मिंगहॅमला गेला. आमच्या वाटाड्याने ही गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी तिला कागदोपत्री आधार नाही हेही प्रामाणिकपणे जोडले.

इथे कायद्याची जी उजळणी झाली, ती या छंदाची बाराखडी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात लहानसहान चांदीच्या वस्तूंना शिक्क्यांतून सूट होती. म्हणून १७४० आणि १७५० च्या सुमाराच्या पाट्यांवर अनेकदा केवळ कारागिराचे शिक्केवजा आद्याक्षर आणि फार तर सिंहाचा शिक्का आढळतो, वर्ष नेमके सांगता येत नाही. सँडिलँड्स ड्रिंकवॉटर या लंडनच्या कारागिराच्या पाट्या त्यामुळे फक्त आकारावरून आणि वेलबुट्टीच्या उठावावरून कालानुक्रमे लावाव्या लागतात. (दारूच्या पाट्या करणाऱ्याचे आडनाव ‘पाणी प्या’ असे असावे, या विनोदाला मंडळात बंदी आहे; नवीन माणसाला एकदा माफ करतात.) १७८४ मध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर बसला आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाच्या डोक्याचा शिक्का आला, तो १८९० पर्यंत टिकला. १७९० च्या कायद्याने हलक्या वस्तूंना सूट दिली खरी, पण बॉटल टिकिटांचे नाव घेऊन त्यांना त्या सुटीतून वगळले. त्या वर्षानंतरची ब्रिटिश पाटी म्हणूनच सहसा आपला जन्मदाखला पाठीवर घेऊन येते : कारागीर, शहर, वर्षाचे अक्षर, कसाचा सिंह, कराचे डोके.

वर्षाच्या अक्षरावरून पाटीचे वय कसे काढायचे, ते भिंगातून दाखवण्यात आले. मग खोट्या पाट्या कशा ओळखायच्या हा विषय निघाला आणि सगळ्यांचे आवाज चढले. खऱ्या पाटीचा साचा घेऊन ओतलेली नक्कल असेल, तर तिचे शिक्के बोथट आणि बुळबुळीत दिसतात. आणि अशा दोन पाट्या शेजारी ठेवल्या, तर दोघींवर शिक्के तसूभरही न हलता एकाच जागी निघतात. हाताने ठोकलेले शिक्के कधीच असे पडत नाहीत. याहून लबाड प्रकार म्हणजे नाव बदलणे. पोर्ट आणि शेरीच्या पाट्या उदंड, त्यांना भाव थोडा; म्हणून जुने नाव घासून तिथे दुर्मीळ नाव कोरतात. अशी पाटी दोन बोटांत धरून अंगठ्याने मधला भाग चाचपायचा, पत्रा कडेपेक्षा पातळ लागला तर दाल में काला आहे असे समजायचे. तिच्यावर तोंडाने वाफ सोडली, तर डाग दिल्याची रेघ क्षणभर उमटून जाते. हे करून दाखवणाऱ्या गृहस्थांनी स्वतः एकदा फसून घेतलेली ‘माउंटन’ची पाटी खास बरोबर आणली होती. नवीन सभासदाच्या हातात ते तीच पहिल्यांदा देतात.

परतण्यापूर्वी हँड्सवर्थ भागातले बोल्टन यांचे सोहो हाउस पाहिले. इथे ‘लूनर सोसायटी’च्या बैठकी भरत. वॅट, प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन असे विद्वान पौर्णिमेच्या आसपास जमत, कारण रात्री घरी परतताना वाटेवर चांदणे हवे असे. आमच्या मंडळाने आपली तारीख मात्र रेल्वेच्या स्वस्त तिकिटांवरून ठरवली होती.

तिसरा दिवस, शनिवार : लंडन

सकाळ पावसात गेली. चान्सरी लेनच्या सिल्व्हर व्हॉल्ट्समध्ये, म्हणजे जमिनीखालच्या तिजोरीवजा दुकानांच्या रांगेत, जाड पोलादी दारांतून आतबाहेर करत दोन तास काढले. साध्या व्हिक्टोरियन पाट्या इथे ट्रेभर पडलेल्या असतात. द्राक्षाच्या पानाच्या आकाराच्या, अक्षरे आरपार कापलेल्या पाट्या १८२० च्या दशकात फार चालल्या. बर्मिंगहॅमच्या जोसेफ विल्मोर यांच्या कामातली पानांवरच्या शिरांची बारीक कलाकुसर बघण्यासारखी आहे. मी काही घेतले नाही. मास्तरांनी एक घेतले आणि किंमत घरी सांगायची नाही असे मला बजावले.

रात्रीचे जेवण हा या चार दिवसांचा मुख्य सोहळा. एका क्लबच्या माडीवरच्या खोलीत लांब टेबल मांडले होते. प्रत्येकाने आपली सुरई आणि तिच्या गळ्यातली पाटी घरून आणायची, आणि पाटीवर जे नाव असेल तेच आत असले पाहिजे, अशी गटाची अट आहे. या अटीने मजा येते, कारण पोर्ट, शेरी, मदीरा सहज मिळतात, पण श्रबची पाटी घालायची तर श्रब स्वतः मुरवावे लागते. एका बाईंनी दोन आठवडे खपून ते केले होते. सुरयांच्या शेजारी चटणीअचारांच्या बाटल्यांच्या चिमुकल्या पाट्यांचाही एक संच मांडला होता : सोया, अँचोव्ही, टॅरागॉन, केचप, आणि केयेन मिरचीचे ‘कायन’ असे कानावरून लिहिलेले नाव. एका पाटीवर जिन हा शब्द उलट्या क्रमाने कोरलेला होता. नोकरांच्या लक्षात येऊ नये म्हणून मालकिणी अशी युक्ती करत, असे सांगतात. नोकरांना उलटे वाचता येत नसेल, ही मालकिणींची समजूत मला भाबडी वाटली.

मी मद्य घेत नाही हे भीतभीतच सांगितले होते. उत्तरादाखल कळले की बाराजणांपैकी तिघेजण घेत नाहीत, आणि त्यांतल्या एकाचा संग्रह गटात सर्वांत मोठा आहे. तरीही पोर्टची सुरई माझ्यापुढून जायचीच होती. ती नेहमी डावीकडच्या माणसाकडे सरकवायची आणि मध्ये थांबू द्यायची नाही, असा दंडक आहे. मी शेजारणीशी पाट्यांच्या साखळ्यांविषयी बोलण्यात गुंगलो आणि सुरई माझ्यापुढे तशीच राहिली. समोरच्या वृद्ध गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “नॉर्विचच्या बिशपांशी आपला परिचय आहे का?” मी प्रांजळपणे नाही म्हणालो. “फार भला माणूस,” ते म्हणाले, “पण पोर्ट पुढे द्यायला विसरतो.” हा इथला जुना, ठरलेला टोमणा आहे आणि तो आपल्यावर होईपर्यंत कळत नाही.

जेवणानंतरच्या भाषणाचा विषय पाट्यांचा अस्त हा होता. ग्लॅडस्टन यांच्या १८६० आणि १८६१ च्या कायद्यांनी किराणा दुकानदारांना वाइनच्या सुट्या बाटल्या विकण्याची मुभा मिळाली, बाटलीवर कागदी लेबल चिकटून येऊ लागले, आणि चांदीच्या पाटीचे काम संपले. वक्ते कायद्याची कलमे सांगत होते, पण त्यांच्या स्वरात घरातल्या कर्त्या माणसाच्या मृत्यूची हकीकत सांगावी तसा ओलावा होता. ही माणसे आता कुणी पीत नाही अशा मद्यांची नावे एवढ्या निगुतीने का जपतात, याचे उत्तर मी तीन दिवस चांदीत शोधत होतो. चांदीबद्दल मात्र त्या रात्री कुणीच बोलत नव्हते. बोलणे चालले होते ते विडोनियाची चव कशी असेल याबद्दल.

चौथा दिवस, रविवार : निरोप

सकाळी यजमानीण बाईंच्या घरी अदलाबदलीचे टेबल लागले. पैशांचा व्यवहार नाही, पाटीला पाटी. घासाघीस मंडईत चालते तशीच, फक्त खालच्या आवाजात.

माझा कागद शेवटी निघाला. ठशात पाटीच्या मागचे शिक्के पुसट उतरले होते, पण ‘एच’ आणि त्यापुढे ‘को’ एवढी अक्षरे भिंगातून लागली. कोलकात्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. ती पेढी १८०८ पासूनची. हिंदुस्थानात सरकारी कसतपासणी नसल्याने तिथले युरोपीय सराफ विलायती शिक्क्यांच्या धर्तीवर आपलेच शिक्के मारत, त्यामुळे वर्ष सांगणे कठीण. नाव मदीरा असण्याचे तर कुणालाच नवल वाटले नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानाकडे जाणारी मदीराची पिंपे उष्ण कटिबंधातून हिंदकळत जात आणि तेवढ्यानेच ते मद्य अधिक मुरते असे लक्षात आल्यावर ‘ईस्ट इंडिया मदीरा’ असा वेगळा भाव त्याला मिळू लागला होता. अक्षरांत काळे मेण भरले आहे का, साखळी मूळची आहे की नंतरची, असे प्रश्न झाले. छायाचित्रावरून यजमानीण बाईंनी साखळी नंतरची ठरवली, कड्या मशीनच्या वाटतात म्हणून. भूलतज्ज्ञाच्या निदानावर कुणी वाद घालत नाही.

“वजन?” त्यांनी विचारले. मी १४ ग्रॅम म्हणालो. त्यांनी चष्मा वर केला. ग्रॅम या घरात चालत नाहीत. कागदाच्या कडेला भागाकार झाला आणि ९ पेनीवेट, म्हणजे चांदी तोलण्याच्या जुन्या इंग्रजी मापात, असे उत्तर आले. मग त्यांनी माझा ठसा एका जाड फाइलमध्ये, मदीराच्या खणात, शेकडो ठशांच्या मागे डिंकाने चिकटवला, खाली पेन्सिलीने ‘प्रत्यक्ष पाहिलेली नाही’ असा शेरा लिहिला आणि बदल्यात मला आपल्या ‘अरॅक’च्या पाटीचा ठसा काढून दिला. तो नीट उमटावा म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा, हलक्या हाताने, पेन्सिल फिरवली.